परतीचं तिकीट मड्डमच्या पेटीत

दगडाबाईला विलायतेला जायची हौस कधीच नव्हती. नवरा इन्फ्लुएंझाच्या साथीत गेला तेव्हा पदरी दोन वर्षांची मुक्ता होती. सासरी कुणी उरलं नव्हतं म्हणून ती वैरागला भाऊ रावजीकडं आली. तिथं चार महिने काढले आणि आपल्या जेवणाचा घास भावजयीच्या डोळ्यात मोजला जातोय हे कळल्यावर मुक्ताला तिथंच ठेवून सोलापूर गाठलं. सोलापुरात एका गिरणीचा गोरा विव्हिंग मास्तर होता, हॉकिन्स नावाचा. गिरणीतले लोक त्याला हाकीनसाहेब म्हणत. त्याच्या बंगल्यावर भांडी घासायला ती लागली आणि मड्डमला मूल झाल्यावर आया झाली. हात हलका होता, आवाज मऊ होता, आणि रडणारं पोर तिच्या खांद्यावर आलं की गप व्हायचं. एवढ्या तीन गोष्टींवर तिचं पुढचं सगळं आयुष्य ठरलं.

साहेब रजेवर निघाला की आया बरोबर लागायचीच. पहिल्या खेपेला ती गेली तेव्हा मुक्ता सहा वर्षांची होती. मुंबईच्या धक्क्यावर डॉक्टरनं तिचे डोळे आणि दंडावरचे देवीचे वण तपासले, पासपोर्टवर अंगठा घेतला, आणि ती बोटीवर चढली. एडन येईपर्यंत तिला उभं राहता आलं नाही. पुण्याच्या छावणीतली एक म्हातारी आया बोटीवर होती. सात वेळा समुद्र ओलांडलेली. तिनं दगडाबाईला जे जे शिकवलं ते दगडाबाई कधी विसरली नाही. उलटी होईल म्हणून उपाशी राहायचं नाही, कोरडं काहीतरी चावत राहायचं. बोटीच्या मधोमध बसायचं, टोकाला बसायचं नाही. जी पेटी वाटेत लागणार तिच्यावर वेगळी चिठ्ठी चिकटवतात, ती नीट बघायची, नाहीतर पोराचे लंगोट तळघरात जातात आणि थेट लंडनला वर येतात. बोटीवरचं घड्याळ रोज थोडं मागं करतात, तेव्हा आपल्या भुकेवर वेळ ओळखायची नाही, विचारायची. आणि बंदरात उतरायचं तर बोट कधी सुटणार हे पाटीवर लिहितात. बोट कुणासाठी थांबत नाही, लाटसाहेब असला तरी.

त्या खेपेला सहा महिन्यांत ती परत आली. मुक्ता पळत येऊन गळ्यात पडली होती. दगडाबाईनं तिच्यासाठी काचेची निळी माळ आणली होती. गावातल्या काही बायकांनी नाक मुरडलं, रावजीनं मात्र चारचौघांत बहिणीचं कौतुकच केलं.

दुसरी खेप सन पंचविसातली. साहेबाचा मुलगा आता चार वर्षांचा होता आणि धाकटी मुलगी आठ महिन्यांची. निघताना दगडाबाईनं मुक्ताला सांगितलं, दिवाळी झाली की पाचव्या महिन्याला मी येते. परतीचं तिकीट साहेबानं आधीच काढलं होतं. ते मड्डमच्या कातडी पेटीत होतं. दगडाबाईनं ते एकदा पाहिलं होतं, हातात मात्र घेतलं नव्हतं. मागावं असं तिला वाटलंही नाही. ज्यांच्या लेकरांना चार वर्षं अंगाखांद्यावर वाढवलं त्यांच्याकडं कागद मागायचा म्हणजे काय, असं तिला वाटायचं.

बोट पोर्ट सैदला लागली. कोळसा भरायचा होता, त्यामुळं केबिनींच्या खिडक्या बंद केल्या आणि सगळीकडं काळी धूळ उडायला लागली. उतारू गावात फिरायला निघाले. मड्डमला लेस घ्यायची होती. साहेब पत्ते खेळत बसला. मड्डमनं मुलाला हाताशी धरलं आणि धाकटीला घेऊन दगडाबाईला बरोबर चल म्हणून सांगितलं. निघण्यापूर्वी दगडाबाईनं रत्नागिरीकडच्या एका खलाशाला पाटी वाचायला लावली. बोट चारला सुटणार, साडेतीनला सगळ्यांनी वर यायचं. तिनं ते मड्डमला आपल्या मोडक्या भाषेत दोनदा सांगितलं. मड्डम हसली. तू तर कॅप्टनच झालीस, असं काहीतरी म्हणाली. उतरायचे पास दोघींचेही मड्डमच्याच बटव्यात होते.

दुकानात मड्डमला बोटीवरच्या आणखी दोन बायका भेटल्या. धाकटी उन्हानं किरकिरायला लागली तेव्हा मड्डमनं दगडाबाईला दुकानाच्या पायरीवर सावलीत बसायला सांगितलं. मी येईपर्यंत हितून हलू नको, हे ती बोट उगारून म्हणाली. दगडाबाई बसली. गावातले लोक तिच्याकडं आणि तिच्या मांडीवरच्या गोऱ्या पोरीकडं बघत जात होते. बराच वेळ गेला. तिनं आत डोकावून पाहिलं तर दुकानात मड्डम नव्हती. दुकानदारानं हातानं दाखवलं, पलीकडच्या दारानं गेल्या, गाडीत बसून गेल्या.

आता जावं की बसावं? हलू नको म्हणून हुकूम होता. ती अजून थोडा वेळ बसली. मग बोटीचा पहिला भोंगा झाला. सोलापूरच्या गिरणीचा भोंगा झाला की रस्त्यावरचं माणूस जसं पळत सुटतं तशी ती उठली आणि पोरीला छातीशी धरून धक्क्याकडं पळाली. चप्पल वाटेत राहिली.

धक्क्यावर शिपायानं अडवलं. पास मागितला. पास नव्हता. त्यानं पोरीच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं आणि त्याचा चेहरा बदलला. काळ्या, अनवाणी बाईच्या हातात गोरी पोर. त्यानं दुसऱ्या शिपायाला हाक मारली. दोघांनी तिचे दंड धरले. दगडाबाईला त्यांची भाषा कळत नव्हती, पण त्यांना काय वाटतंय ते कळलं. ती मराठीतच सांगत राहिली की मी आया हाय, पोर माझ्या साहेबाची हाय, बोटीवर इचारा. पोरगी भेदरून तिच्या गळ्याला चिकटली होती आणि शिपाई ओढायला लागला की आणखीच चिकटत होती. शेवटी बोटीवरचा एक अधिकारी होडीतून आला. त्यानं पोरीला ओळखलं आणि दोघींना घेऊन गेला. शिडी वर उचलायला घेतली होती, ती त्यांच्यासाठी परत खाली सोडली.

मड्डम दहा मिनिटं आधी वर आली होती. मैत्रिणींच्या बरोबर गाडीतून बंदरातला एक पुतळा बघून थेट धक्क्यावर आली, आणि आया पोरीला घेऊन कधीच परतली असेल असं ती धरून चालली होती. पण आता सगळे उतारू कठड्याशी गोळा झाले होते. कॅप्टनचा माणूस वही घेऊन उभा होता. पोटची पोर परक्या गावात विसरून आलीस का, असं कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांच्या तोंडावर तेच होतं. मड्डमनं एकदा सगळ्यांकडं पाहिलं आणि सांगितलं की मी आयाला तासापूर्वीच बोटीवर पाठवलं होतं, ती पोरीला घेऊन बाजारात भटकत राहिली.

दगडाबाईला तेवढं इंग्रजी समजत होतं. तिनं साहेबाकडं पाहिलं. साहेब बायकोकडं बघत होता. बायको खोटं बोलतेय हे त्याला कळलं होतं, अशी दगडाबाईची मरेपर्यंत खात्री होती. त्यानं हातातले पत्ते खिशात घातले आणि पोरीला तिच्या हातातून घेतलं. पोरगी रडत हात पुढं करत होती. वहीत लिहिणाऱ्यानं लिहून घेतलं.

त्यानंतर लंडन येईपर्यंत तिला पोरांना हात लावू दिला नाही. खाली, नोकर बायकांच्या खोलीत बसून राहायचं. वरून पोरगी रडल्याचा आवाज आला की तिचे हात आपोआप पुढं यायचे.

लंडनच्या धक्क्यावर साहेबानं तिचं गाठोडं तिच्यापुढं ठेवलं आणि एका पाद्र्याच्या हाती तिला सोपवलं. तिनं तिकीट मागितलं. त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडून मागितलं. मड्डम पेटीवर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली की तिकीट आमच्या आयासाठी आहे, आणि तू आता आमची आया नाहीस.

त्या शहरात अशा टाकून दिलेल्या आयांसाठी एक घर होतं. मद्रासच्या, कलकत्त्याच्या, रंगूनच्या बायका तिथं राहत. हिंदुस्थानला जाणारं एखादं गोरं कुटुंब वाटेपुरती आया न्यायला यायचं, त्यांच्याबरोबर एकेक बाई घरी परतायची. पण नेणारा आधी जुन्या साहेबाची चिठ्ठी मागायचा. दगडाबाईकडं चिठ्ठी नव्हती. ते घर चालवणारी बाई भली होती, ती दर वेळी दगडाबाईला पुढं करायची आणि दर वेळी लोक विचारायचे, हिच्या शेवटच्या साहेबानं काय लिहून दिलंय? असे अकरा महिने गेले. खिडकीतून दिसणारं एक झाड पानं गाळून बोडकं झालं आणि परत हिरवं झालं. दिवाळी कधी गेली हेही तिला कळलं नाही. एका बंगाली विद्यार्थ्याकडून तिनं रावजीला कागद लिहवून घेतला. त्याला मराठी येत नव्हतं, म्हणून कागद इंग्रजीत गेला.

शेवटी हिंदुस्थानला निघालेल्या एका डॉक्टरच्या बायकोला जुळी झाली होती आणि तिला हाताखाली माणसं कमी पडत होती. तिनं चिठ्ठी मागितली नाही.

मुंबईहून सोलापूर, सोलापुरातून सर्व्हिस मोटारीनं वैराग. ओट्यावर रावजी बसला होता. तो उठला नाही. भावजय दारात आली आणि आत गेली. दगडाबाईनं मुक्ता कुठाय म्हणून विचारलं.

"दिली," रावजी म्हणाला. "वळसंगला. मानसिंग म्हनून हाय, गिरनीत फिटर हाय. महिना झाला."

मुक्ता दहा वर्षांची होती.

तिनं विचारलं, माझी वाट का बघितली नाहीस? तेव्हा रावजीनं सांगितलं. साहेबाचा कागद आला होता. शाळेच्या मास्तरनं वाचला. तुमची बहीण नोकरी सोडून आपल्या मर्जीनं लंडनला राहिली, तिची जबाबदारी आता आमच्यावर नाही, असं त्यात होतं. गावात जे व्हायचं ते झालं. पळून गेलेल्या बाईची पोर म्हणून दोन स्थळं परतली. तिसरं आलं तेव्हा रावजीनं वेळ घालवला नाही.

"माझा कागद आला न्हाय?"

"आला की. एक साहेबाचा, एक तुझा. साहेबाचा छापील कागदावर हुता. आमी कुनाचं खरं मानायचं?"

ती वळसंगला गेली. मानसिंगच्या आईनं तिला अंगणातच उभं केलं आणि परत येऊ नका म्हणून हात जोडले. मुक्ता दाराच्या आडून बघत होती. दगडाबाईनं हाक मारली. दाराआडचं पातळ हललं आणि आत गेलं.

मग ती सोलापुरातच राहिली. सात रस्त्याजवळ एका डॉक्टरच्या दवाखान्यात झाडलोट आणि पट्ट्या धुवायचं काम मिळालं, मागच्या बाजूला राहायला खोली मिळाली. हाकीनसाहेब परत आला तेव्हा दुसऱ्या गिरणीत, अहमदाबादकडं गेला असं तिनं ऐकलं. चौकशी केली नाही.

दवाखान्यात येणाऱ्या लोकांना हळूहळू कळलं की ही बाई दोनदा विलायतेला जाऊन आलीय. एका वकिलाचा मुलगा बॅरिस्टर व्हायला निघाला, तेव्हा वकिलानं तिला बोलावणं पाठवलं. घरातल्यांनी तिला पडवीत बसवलं, कानतुटक्या कपात चहा दिला आणि विचारत गेले. तिनं सगळं सांगितलं. कुठल्या पेटीवर कसली चिठ्ठी लावायची, जेवणाच्या टेबलावर पहिल्याच दिवशी आपल्याला मांस नको हे कसं कळवायचं, एडनला होड्यांतून वस्तू विकायला येतात त्यांना टोपलीत माल वर आल्याशिवाय पैसे टाकायचे नाहीत, पोर्ट सैदला कोळसा भरताना केबिन बंद ठेवायची, आणि उतरलात तर पास स्वतःच्या खिशात ठेवायचा. मुलगा वहीत लिहून घेत होता. आई मधूनमधून, अगंबाई, म्हणत होती. निघताना वकिलानं विचारलं की एवढं तिकडं राहिलात तर परत कशाला आलात? घरातले सगळे हसले. दगडाबाई कप धुऊन ठेवून परत आली.

असे लोक वर्षाला दोन-तीन यायचे. कापड शिकायला जाणारा गिरणीमालकाचा भाचा, मिशनची एक नर्स, एकदा तर एक अख्खं कुटुंब. सांगायला तिला आवडायचं, हे तिनं कधी कबूल केलं नसतं. तेवढा वेळ लोक तिचं ऐकून घ्यायचे. पण कुणीही सांगितल्याप्रमाणं गेलं, सुखरूप पोचलं आणि तिला कळवलं, असं झालं नाही.

चौतीस साली उन्हाळ्यात दवाखान्याच्या मागच्या दाराशी एक बाई येऊन उभी राहिली. अठरा-एकोणीस वर्षांची, कडेवर मूल. रस्त्याच्या पलीकडं झाडाखाली एक माणूस पाठ करून उभा होता. दगडाबाईनं मुक्ताला ओळखलं ते तिच्या बापाच्या कपाळावरून.

मुक्ता आत आली नाही. उंबऱ्याबाहेर बसली. गिरणीत माणसं कमी केली होती, मानसिंगला आफ्रिकेत, मोंबासाच्या रेल्वे कारखान्यात जागा मिळाली होती, आणि पुढच्या आठवड्यात मुंबईहून बोट होती, हे तिनं खाली बघत सांगितलं.

"तुमी बोटीवर गेलेल्या हायसा म्हनून इचारायला आले," ती म्हणाली. "पोर लहान हाय."

तुमी. दगडाबाईनं तो शब्द ऐकला. पोरगी सहा वर्षांची असताना आये, तू कवा आलीस, म्हणून गळ्यात पडली होती. पण तिनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि विचारलं की तिकीट डेकचं, उघड्यावरचं आहे का. मुक्तानं हो म्हणून मान हलवली.

मग दगडाबाई बोलायला लागली. मी त्या वाटेनं गेले नाही, पण बोट ती बोटच, असं तिनं आधीच सांगून टाकलं. डेकवर जागा धरायला सगळ्यांच्या आधी चढायचं. संडासाजवळ न्हाय, धुराड्याजवळ न्हाय, मधल्या भागात, वाऱ्याच्या आडोशाला. वळकटी सोडून लगेच अंथरायची, मग ती जागा आपली. पाणी ठरल्या वेळी देतात, दोन भांडी न्यायची. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आठ-दहा दिवस टिकते, पहिल्या तीन दिवसांत दुसरं काही पोटात राहत नाही. लिंबं न्यायची. पोराला कठड्याजवळ सोडायचं नाही, रात्री त्याच्या पायाला पदर बांधून झोपायचं. देवी टोचल्याचे कागद तिघांचे वेगवेगळे करायचे. वाटेत कुठल्या बेटावर बोट थांबली तर बाकीचे उतरतील, तू उतरायचं नाही, मानसिंगलाच जायचं असेल तर सुटायची वेळ खलाशाला विचारून मग जाऊ दे.

मुक्ता लक्ष देऊन ऐकत होती. मधे दोनदा तिनं प्रश्न विचारला. पोराला ताप आला तर डॉक्टर असतो का, आणि बोटीवर दूध मिळतं का. दगडाबाईनं सांगितलं की डॉक्टर असतो, त्याला भिऊ नको, दूध मात्र डब्यातलं असतं.

"आन तुझं तिकीट," ती शेवटी म्हणाली, "तुझं आन पोराचं, तुझ्या कमरेला ठेव. नवऱ्याकडं बी न्हाय."

मुक्तानं पहिल्यांदा वर पाहिलं. "का?"

सांगायची वेळ हीच होती. आठ वर्षं दगडाबाईनं ते मनात शब्दाशब्दानं जुळवून ठेवलं होतं, पायरी, भोंगा, शिपाई, पेटीवरचा हात. पण पलीकडं झाडाखाली मानसिंग वळून बघायला लागला होता, आणि पोर किरकिरत होतं.

"मी पळून गेले न्हवते, मुक्ता," एवढंच ती म्हणाली.

मुक्ता मुलाला सावरत उठली. तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"आता ते घेऊन काय करायचं," ती म्हणाली. "मामानं लगीन केलं तवा मी लई वाट बघितली. मंग बघायची सोडली." ती दोन पावलं गेली आणि थांबली. "ठेसनावर येऊ नगा. सासूबाई येनार हायत."

दगडाबाई स्टेशनवर गेली नाही. त्या दिवशी तिनं दवाखान्यातल्या सगळ्या पट्ट्या दोनदा धुतल्या.

श्रावण संपता संपता मानसिंगची बहीण शिवबाई पोराचं गळू दाखवायला दवाखान्यात आली. ती वळसंगची, मोकळ्या स्वभावाची. मोंबासाहून कागद आल्याचं तिनं आपण होऊन सांगितलं. तिघं नीट पोचली. वाटेत बेटावर बोट थांबली तेव्हा एक कच्छी कुटुंब उतरलं आणि मागंच राहिलं, त्यातल्या बाईचा किनाऱ्यावरचा आक्रोश सगळ्या बोटीनं ऐकला. मुक्ताची वळकटी मधोमध होती, पोर एकदाही आजारी पडलं नाही. शेजारच्या बायका तिला विचारून विचारून करायला लागल्या. तुला एवढं कुणी शिकवलं म्हणून त्यांनी विचारलं होतं, असं मानसिंगनं लिहिलं होतं.

"मंग काय म्हनली?" दगडाबाईनं विचारलं.

शिवबाई जरा अडखळली. मग जे होतं ते तिनं सांगितलं. "आमच्या गावची एक बाई हाय, म्हनली."

दगडाबाईनं मान डोलावली. पोराचं गळू बघितलं, डॉक्टर येईपर्यंत त्यावर गरम पाण्याचं फडकं धरायला सांगितलं, आणि पाणी तापवायला आत गेली.

त्या हिवाळ्यात एका व्यापाऱ्याचा माणूस तिला बोलवायला आला. मालकाचा जावई विलायतेला निघाला होता. तिनं निरोप पाठवला की मला आता तिकडचं काही आठवत नाही. माणूस दुसऱ्यांदा आला, साडीचं आमिष घेऊन आला, तरी ती गेली नाही. दवाखान्यात ती आणखी नऊ वर्षं होती. पोरं तिच्या खांद्यावर आली की तशीच गप व्हायची, आणि त्यांची आई परत घ्यायला हात पुढं करायची तेव्हा ती लगेच देऊन टाकायची, एक क्षणही जास्त न धरता.